तीन बोटांचं अंतर

२१ सप्टेंबर २०००. सिडनीच्या ऑलिंपिक पार्कमधल्या सुपरडोममध्ये महिला जिम्नॅस्टिक्सच्या ऑल-अराउंड प्रकाराची अंतिम फेरी चालू होती. व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बॅलन्स बीम आणि फ्लोअर या चारही साधनांवरच्या गुणांची बेरीज करून त्या ऑलिंपिकची सर्वोत्तम जिम्नॅस्ट ठरवायची, असा हा प्रकार. ३६ मुली उतरल्या होत्या. चारपैकी दोन फेऱ्या झाल्या होत्या, म्हणजे निम्म्या मुलींचा व्हॉल्ट होऊन गेला होता. तिसऱ्या फेरीत ज्या गटाला व्हॉल्ट करायचा होता त्या गटात यजमान ऑस्ट्रेलियाची अलाना स्लेटर होती. पर्थची, वय १६. सरावाच्या उड्यांसाठी ती व्हॉल्टपाशी आली आणि तिला खटकलं. घोडा बुटका दिसत होता.

तिनं ते बोलून दाखवलं. तिच्या प्रशिक्षक पेगी लिडिक यांनी ते उडवून लावलं नाही. त्यांनी पंचांपर्यंत तक्रार नेली. पदाधिकारी आले, टेप लावली. महिलांच्या व्हॉल्टची उंची १२५ सेंटीमीटर असावी लागते. समोरचा घोडा भरला १२०.

पाच सेंटीमीटर म्हणजे किती? आपली तीन बोटं जुळवून आडवी धरली तर साधारण तेवढं अंतर होतं. ऑलिंपिकसारख्या स्पर्धेत, जगभरच्या कॅमेऱ्यांसमोर, तांत्रिक समितीच्या नजरेखाली १८ मुली तीन बोटं खाली बसवलेल्या घोड्यावर उड्या मारून गेल्या होत्या, आणि एकाही मोठ्या माणसाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

पाठीमागचा घोडा

व्यायामशाळेत ज्यांनी कधी घोड्यावरून उडी मारली आहे त्यांना हे तीन बोटांचं प्रकरण वेगळं समजावून सांगायला नको. मल्लखांबावर चढणाऱ्या पोराला खांबाची जाडी डोळ्यांनी मोजावी लागत नाही. मिठीला ती ठाऊक असते. व्हॉल्टचंही तसंच आहे. जास्तीत जास्त २५ मीटरची धाव, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय, घोड्यावर दोन्ही हात, हातांनी दिलेला धक्का, हवेत गिरक्या आणि मग जमीन. सगळा खेळ काही सेकंदांचा. त्यात हात घोड्यावर टेकतात ते पापणी लवेपर्यंत. एवढ्या वेळात विचार करून काही दुरुस्त करता येत नाही. हजारो वेळा केलेल्या सरावातून अंगानं जी उंची लक्षात ठेवलेली असते तिच्या भरवशावर हात खाली येतात.

त्या काळी वरच्या दर्जाच्या बहुतेक मुली ज्या घराण्याच्या उड्या मारत होत्या, ते घराणं सोव्हिएत जिम्नॅस्ट नताल्या युरचेन्कोच्या नावानं ओळखलं जातं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिनं ही उडी आणली. धावत येऊन आधी हात जमिनीवर टेकायचे, अंग उलटवायचं आणि स्प्रिंगबोर्डवर पाय पडतील तेव्हा पाठ घोड्याकडे आलेली असते. तिथून मागे झेप घ्यायची आणि न पाहिलेल्या घोड्यावर हात टाकायचे. १९८८ मध्ये टोकियोतल्या एका स्पर्धेच्या सरावात अमेरिकेच्या १५ वर्षांच्या ज्युलिसा गोमेझचा पाय हीच उडी मारताना स्प्रिंगबोर्डवरून निसटला आणि डोकं घोड्यावर आदळलं. तिला मानेखाली पक्षाघात झाला आणि १९९१ मध्ये ती गेली. त्या अपघातानंतर स्प्रिंगबोर्डभोवती सुरक्षेची गादी लावण्याचा नियम आला. व्हॉल्टवर चुकीला किती जागा आहे, हे सिडनीच्या १२ वर्षं आधी सगळ्या जगाला कळून चुकलं होतं.

शिवाय तेव्हाचा घोडा खरोखरच घोड्यासारखा होता. लांबी सुमारे १६० सेंटीमीटर आणि रुंदी जेमतेम ३५. पुरुष तो लांबीच्या अंगानं ओलांडत. त्यांच्यासाठी उंची १३५ सेंटीमीटर. बायकांसाठी तो आडवा ठेवायचा आणि उंची १२५. म्हणजे पाठ करून मागे झेप घेणाऱ्या मुलीच्या हातांसाठी वीतभरापेक्षा थोडी जास्त पट्टी, एवढंच काय ते. ती पट्टी तीन बोटं खाली गेली, की हात टेकायला किंचित उशीर होतो. तोवर अंग गरजेपेक्षा जास्त फिरलेलं असतं. धक्का अपुरा बसतो, पुढचं उड्डाण बुटकं होतं, आणि दीड-दोन गिरक्या पुऱ्या होण्याआधी जमीन येते. पायांऐवजी गुडघे टेकतात. नाहीतर पाठ.

खोर्किनाचं गणित

त्या दिवशी सुवर्णाची दावेदार होती रशियाची स्वेतलाना खोर्किना. बेल्गोरोदची, वय २१, उंची १६५ सेंटीमीटर. जिम्नॅस्टिक्सच्या दुनियेत ही उंची म्हणजे जवळजवळ अडचणच. पण तिनं त्याच लांबसडक हातापायांतून स्वतःची शैली काढली होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये अनइव्हन बार्सचं सुवर्ण तिनं घेतलं होतं, १९९७ मध्ये ऑल-अराउंडचं जगज्जेतेपद. उरलं होतं ते ऑलिंपिकचं ऑल-अराउंड. सिडनीत पहिल्या फेरीत तिनं फ्लोअर केलं आणि ती आघाडीवर गेली. दुसऱ्या फेरीत व्हॉल्ट. उडी मारली, खाली आली ती गुडघ्यांवर.

आता तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जी उडी झोपेतही मारता येते ती आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी फसली. घोड्याची उंची चुकली असेल, असा विचार जिम्नॅस्टच्या मनाला शिवतही नाही. तिला लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं : पडलीस ना, मग तूच चुकलीस. तो घोर डोक्यात घेऊन ती तिसऱ्या फेरीत अनइव्हन बार्सवर चढली. हे तिचं स्वतःचं साधन. तिथंही हात सुटला आणि ती पडली.

त्याच सुमारास पलीकडे टेप लावली जात होती.

त्याआधीच्या दोन फेऱ्यांत व्हॉल्टवर ज्यांची घसरगुंडी झाली त्यांत खोर्किना एकटी नव्हती. अमेरिकेची राष्ट्रीय विजेती एलिस रे तिथंच पडली. ब्रिटनची अनिका रीडर उतरताना जखमी झाली आणि तिची स्पर्धा तिथंच संपली. इतक्या कसलेल्या मुली एकाच साधनावर पाठोपाठ पडतात याचं प्रेक्षकांना आश्चर्य वाटत होतं. समालोचक ते दडपणाच्या खात्यावर टाकत होते.

उंची दुरुस्त झाली. आधीच्या १८ जणींना निरोप गेला की हवं असल्यास शेवटी व्हॉल्ट पुन्हा करता येईल. काहींनी केला. एलिस रेनं केला आणि ती नीट उतरली. खोर्किनानं केला नाही. कारण साधं होतं. पुन्हा करता येणार होता तो फक्त व्हॉल्ट. बार्सवरची पडझड हिशेबात तशीच राहणार होती, कारण बार्सची उंची बरोबर होती. ती पडझड कुठून आली, याचा रकाना कोणत्याही गुणपत्रिकेत नसतो. व्हॉल्टवर कितीही गुण मिळाले तरी पदक आता हाती लागणार नव्हतं.

तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, त्याच सभागृहात अनइव्हन बार्सची स्वतंत्र अंतिम फेरी झाली. खोर्किनानं सुवर्ण जिंकलं. २००१ आणि २००३ मध्ये ती पुन्हा ऑल-अराउंडची जगज्जेती झाली. असं तीनदा करणारी ती पहिली स्त्री. पण ऑलिंपिकचं ऑल-अराउंड सुवर्ण तिला कधीच मिळालं नाही. २००४ मध्ये अथेन्सला रौप्यावर गाडी थांबली.

सर्दीची गोळी

त्या संध्याकाळी जिंकली ती रुमानियाची आंद्रेया रादुकान. बिर्लाद गावची, वय १६, वजन सुमारे ३७ किलो. गुण ३८.८९३. दुसरी आली सिमोना अमानार, ३८.६४२. तिसरी मारिया ओलारू, ३८.५८१. पदकमंचाच्या तिन्ही पायऱ्यांवर रुमानियाच. नादिया कोमानेचीच्या १९७६ नंतर या देशाला ऑलिंपिकमध्ये ऑल-अराउंडचं सुवर्ण मिळालं नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी सांघिक सुवर्णही घेतलं होतं. घोड्याच्या उंचीची चर्चा चालूच होती, पण रुमानियाला आता २४ वर्षांची भूक भागल्याचं समाधान होतं.

ते पाच दिवस टिकलं. २६ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं रादुकानचं सुवर्ण काढून घेतलं. तिच्या नमुन्यात स्यूडोएफेड्रिन सापडलं होतं. हे द्रव्य सर्दी-पडशाच्या, दुकानात सहज मिळणाऱ्या गोळ्यांत असतं. तिला सर्दी झाली होती आणि संघाच्या डॉक्टरांनी गोळी दिली होती. सोळा वर्षांची मुलगी संघाच्या डॉक्टरांनी पुढे केलेली गोळी घेणार नाही तर काय करणार? तिनं ती घेतली.

प्रकरण क्रीडा लवादाकडे गेलं. २८ सप्टेंबरला निकाल लागला. लवादानं मान्य केलं की मुलीचा दोष नाही आणि त्या गोळीनं तिला खेळात काही फायदाही झालेला नाही. पण नियमाप्रमाणे अंगात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच. हेतू काय होता, हा प्रश्न येत नाही. अपील फेटाळलं गेलं. दोनच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, रादुकानला १७ वर्षं पूर्ण झाली.

डॉक्टरांवर २००२ आणि २००४ च्या ऑलिंपिकपुरती बंदी आली. रादुकानचं सांघिक सुवर्ण आणि व्हॉल्टचं रौप्य तिच्याकडेच राहिलं, कारण त्या दिवशीच्या नमुन्यांत काही सापडलं नव्हतं. ऑल-अराउंडचं सुवर्ण अमानारकडे, रौप्य ओलारूकडे आणि कांस्य चीनच्या ल्यू श्वानकडे गेलं. अमानारनं पदक घेतलं ते देशासाठी. खरी विजेती आंद्रेयाच, असं तिनं उघड सांगितलं. चार वर्षांनी, २००४ मध्ये, स्यूडोएफेड्रिन बंदीच्या यादीतून काढण्यात आलं. २०१० मध्ये ते पुन्हा यादीत आलं, पण ठरावीक प्रमाणाच्या वर सापडलं तरच गुन्हा, अशा अटीवर. रादुकानचं पदक मात्र परत आलं नाही.

ती खचली नाही, एवढं सांगायला हवं. २००१ मध्ये बेल्जियमच्या गेंट शहरात झालेल्या जागतिक स्पर्धेत तिनं संघाबरोबर आणि शिवाय बीम व फ्लोअरवर, अशी तीन सुवर्णं घेतली.

जन्मतारीख

सिडनीच्या या गोष्टीचा तिसरा अंक उघडायला आठ वर्षं जावी लागली. २००० च्या सांघिक स्पर्धेत रशियाला रौप्य आणि चीनला कांस्य मिळालं होतं. अमेरिका चौथी. चीनच्या संघात दोंग फांगश्याओ नावाची मुलगी होती. ऑलिंपिकच्या कागदांत तिची जन्मतारीख २० जानेवारी १९८३ होती, म्हणजे स्पर्धेच्या वर्षी १७ वर्षांची. १९९७ पासूनच्या नियमाप्रमाणे त्या वर्षात किमान १६ पूर्ण होणं आवश्यक होतं. त्यामुळे सगळं नियमात बसत होतं.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हीच दोंग पदाधिकारी म्हणून काम करत होती. त्यासाठी दिलेल्या कागदांत जन्मतारीख होती २३ जानेवारी १९८६. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. १९८६ खरं असेल तर सिडनीत ती १४ वर्षांची होती. चौकशी झाली आणि २०१० च्या फेब्रुवारीत तिचे निकाल रद्द ठरले. एप्रिलमध्ये ऑलिंपिक समितीनं चीनचं सांघिक कांस्य काढून अमेरिकेला दिलं. तिच्याच संघातल्या यांग युनबद्दलही शंका होती, कारण एका दूरचित्रवाणी मुलाखतीत तिनं सिडनीच्या वेळी आपण १४ वर्षांच्या होतो असं म्हटलं होतं. पण पुरेसा पुरावा न मिळाल्यानं तिला ताकीद देऊन सोडण्यात आलं.

सिडनीत चौथ्या आलेल्या अमेरिकी संघात एलिस रे होती. बुटक्या घोड्यावर पडलेली तीच. एका चुकीनं तिच्या अंतिम फेरीचा विचका केला होता आणि दुसऱ्या चुकीच्या दुरुस्तीनं दहा वर्षांनी तिच्या गळ्यात कांस्य पडलं. तोवर तिचं खेळणं कधीच थांबलं होतं.

घोडा गेला, टेबल आलं

२००१ मध्ये जुना घोडा स्पर्धांमधून गेला. त्याच्या जागी व्हॉल्टिंग टेबल आलं : सुमारे १२० सेंटीमीटर लांब, ९५ रुंद, पुढच्या बाजूला उतरतं, अंगाला दणका कमी देणारं. पुरुषांना आणि बायकांना तेच साधन, फक्त उंची निराळी. या बदलाची तयारी सिडनीच्या आधीपासून चालू होती, त्यामुळे त्या संध्याकाळचं श्रेय त्याला देता येणार नाही. पण मागे झेप घेणाऱ्या हातांना आता टेकायला पसरट जागा मिळाली, एवढं खरं. अमानारनं सिडनीत जी अडीच पिळांची युरचेन्को उडी मारली होती तिला तिचंच नाव मिळालं, आणि पुढच्या पिढीनं ती या टेबलावर रुळवली.

सिडनीच्या त्याच रशियन संघातल्या आणखी एका मुलीचं नाव भारतात घरोघरी पोचलं, तेही १६ वर्षांनी. येलेना प्रोदुनोवा. सिडनीत तिनं सांघिक रौप्य आणि बीमवर कांस्य घेतलं. पण तिचं नाव राहिलं ते १९९९ मध्ये तिनं स्पर्धेत आणलेल्या व्हॉल्टमुळे : पुढे तोंड करून झेप आणि हवेत पुढच्या बाजूला दोन कोलांट्या. त्या अरुंद घोड्यावरून तिनं हे करून दाखवलं होतं. १४ ऑगस्ट २०१६ ला रिओमध्ये आगरतळ्याच्या दीपा कर्माकरनं हीच प्रोदुनोवा मारली. तिला व्हॉल्टमध्ये एकूण १५.०६६ गुण मिळाले आणि कांस्य ०.१५० नं हुकलं. त्याच अंतिम फेरीत ४१ वर्षांची उझबेक जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिनासुद्धा प्रोदुनोवाच मारत होती. ती सिडनीतही खेळली होती.

दीपाची ती उडी पाहताना आपण सगळे तिच्या उतरण्याकडे डोळे लावून बसलो होतो. टेबलाची उंची बरोबर आहे ना, असा विचार आपल्यापैकी कुणाच्या मनात आला होता? येऊ नयेच. तो विचार प्रेक्षकानं किंवा खेळाडूनं करायचाच नसतो. त्यासाठी टेप घेऊन नेमलेली माणसं असतात, गोळ्यांची नावं तपासणारे डॉक्टर असतात, जन्मतारखा लिहून घेणारे कारकून असतात. सिडनीत या तिन्ही ठिकाणी मोठी माणसं चुकली, काही निष्काळजीपणानं आणि काही जाणूनबुजून. भरपाई करायची वेळ आली तेव्हा ती मुलींच्या खात्यातून झाली. खोर्किनाचा दिवस गेला, रादुकानचं सुवर्ण गेलं, चीनच्या ज्या मुलींचं वय नियमात बसत होतं त्यांचंही कांस्य गेलं.

या सगळ्यात एकच गोष्ट जशी व्हायला हवी तशी झाली. १६ वर्षांच्या एका मुलीला काहीतरी खटकलं, तिनं ते मोठ्यानं सांगितलं, आणि तिच्या प्रशिक्षक तिच्यावर रागावल्या नाहीत. नाहीतर उरलेल्या १८ जणींच्या उड्याही त्याच घोड्यावरून झाल्या असत्या.

आपल्याकडे गावोगावी व्यायामशाळा आहेत, मल्लखांबाचे वर्ग आहेत, शाळांमध्ये जिम्नॅस्टिक्सचे संघ तयार होत आहेत. तिथं शिकवणाऱ्या सर-बाईंना एवढीच विनंती. ऐन स्पर्धेत एखादं पोर जवळ येऊन म्हणालं, ‘सर, हे नेहमीसारखं वाटत नाहीये,’ तर त्याला भित्रं म्हणू नका, पुढे ढकलू नका. खिशातून टेप काढा आणि आधी मोजून घ्या.